परदेशी मिशनच्या स्वयंसेवकाचा दिनक्रम
(निर्मळ येथे दाते, बागायतदार व व्यापारी यांच्या सभेत झालेले भाषण)



मागील सभेत मंडळाचा जमाखर्च वाचला गेला तेव्हा एका वयोवृद्ध दात्याने उभे राहून एक प्रश्न विचारला. आम्ही पैसे धान्यासाठी दिले. त्यातून परदेशी जाणाऱ्या दोन स्वयंसेवकांच्या निर्वाहाचा खर्च का काढता? पोती पाठवा, ती तिकडचे लोक वाटून घेतील; माणसे पाठविण्याचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त होता, आणि तो मनात न ठेवता उघड विचारला याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. त्या दिवशी वेळ थोडा होता. म्हणून चिटणीसांनी आम्हांस सांगितले की, तुम्ही स्वतः दोन वर्षे मिशनच्या कामावर परदेशी राहून आला आहात, तेव्हा तेथे माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत करतो तरी काय, हे सभेपुढे मांडा. मग खर्च योग्य की अयोग्य, ते सभा ठरवील.

आम्ही वक्ते नाही. जे पाहिले व केले ते सांगू, आणि जेथे आमची चूक झाली तेही लपविणार नाही.

प्रथम एक गोष्ट लक्षात आणून देतो. परदेशी जाऊन सेवा करणे ही कल्पना या मुलखाला नवी नाही. आपल्या वसईत 1557 च्या सुमारास गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा जन्मला. पिता पोर्तुगीज, माता याच मातीतील. त्याचे नाव आपणांपैकी प्रत्येकाने ऐकले आहे; गास येथील चर्च त्याच्याच नावाचे आहे, आणि 1862 साली रोमने त्यास संतपद दिले हेही सर्वांस ठाऊक आहे. पण संत म्हटला की आपण हात जोडतो आणि त्याने दिवसभर काय केले हे विचारावयाचे सोडून देतो. तो विचार आज करू.

हा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला. तो धर्मगुरू नव्हता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तो स्वयंसेवक होता. सुमारे आठ वर्षे त्याने तेथे धर्मशिक्षकाचा मदतनीस म्हणून काम केले, आणि त्या काळात त्याने जपानी भाषा अशी आत्मसात केली की पुढे राजदरबारी दुभाषा म्हणून त्यालाच पुढे करावे लागले. जेझुइट संघात प्रवेश मिळावा अशी त्याची इच्छा होती. तो मिळाला नाही. तेव्हा त्याने काय केले? त्याने व्यापार मांडला. मकाव बंदरात राहून जपानशी देवघेव करणारा तो एक व्यापारी झाला, आणि त्याचा व्यापार चांगला चालला. येथे बसलेल्या व्यापारी बंधूंनी ही गोष्ट विसरू नये की वसईचा हा संत काही वर्षे त्यांच्याच धंद्यातला होता. नंतर मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघाच्या सहवासात आला, आणि 1588 साली धंदा सोडून त्या संघात साधा बंधू म्हणून राहिला. पाद्री नव्हे, बंधू. म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, रुग्णसेवा, बाजारहाट ही त्याची कामे.

1593 साली फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराचे शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले. त्याचे प्रमुख पेद्रो बाउतिस्ता होते, आणि त्यांच्यासाठी बोलणारे तोंड गोन्सालोचे होते. क्योतो येथे या मंडळींनी चर्च बांधले आणि त्याच्या जोडीला कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये काढली. दरबारातला दुभाषा तोच, आणि रोग्यांच्या सेवेत असलेल्या घरातला माणूसही तोच. पुढे 1596 साली ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले, त्यावरून संशय व राजकारण माजले, आणि सत्ताधीशाच्या हुकमाने सव्वीस जणांस धरण्यात आले. ऐन हिवाळ्यात त्यांना क्योतोपासून नागासाकीपर्यंत नेले. वाट सुमारे 800 किलोमीटरांची, आणि लागलेला काळ महिन्याच्या आसपास. 5 फेब्रुवारी 1597 रोजी त्या सर्वांस वधस्तंभावर देण्यात आले. त्यांत बहुसंख्य जपानीच होते, काही तर कोवळी मुले होती.

मरणाची कथा आपण दरवर्षी ऐकतो. आम्हांस मात्र परदेशी असताना रात्री वारंवार आठवत असे ती त्याच्या आधीची गोष्ट. वसईतला एक मुलगा, ज्याच्या घरी नारळ घातल्याशिवाय कालवण होत नसेल, तो जपानात पहिल्या हिवाळ्यात काय खात असेल? त्याला थंडीची सवय नव्हती. त्याला अक्षरे येत नव्हती. बाजारात भाव विचारता येत नव्हता. ज्याला भाव विचारता येत नाही तो माणूस मोठा असला तरी लहान मूल होतो. हे परदेशी राहिल्याशिवाय कळत नाही.

उलट दिशेनेही लोक आले. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश माणूस 1579 साली गोव्यास उतरला. वाटेत जहाजावर कित्येक खलाशी व प्रवासी हिरड्या सुजून आजारी पडले होते, हे त्याने आपल्या वडिलांस पत्रातून कळविले. पुढे चाळीस वर्षे तो साष्टीत राहिला, लोकांची भाषा शिकला, आणि 1616 साली त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्या मराठीत! इंग्लंडात जन्मलेल्या माणसाने ओवी लिहावी, हे त्याने भाषेला वाहिलेल्या वर्षांचे फळ आहे. सांगावयाचे एवढेच की अशा कामात पहिले भांडवल भाषा, आणि ते भांडवल जमविण्यास वेळ व अन्न दोन्ही लागते. स्वयंसेवकाच्या निर्वाहखर्चाचा मोठा भाग येथेच जातो.

आता आमचे. 2011 साली आम्ही केनिया देशाच्या उत्तरेस तुर्काना भागात गेलो. ते वर्ष पूर्व आफ्रिकेस फार वाईट गेले. आधीच्या दोन्ही हंगामांत पाऊस चुकला होता. जुलै महिन्यात शेजारच्या सोमालियाच्या दोन भागांत दुष्काळ पडल्याचे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले. तुर्कानात सोमालियाएवढा अनर्थ झाला नाही, परंतु ज्यांचे सर्वस्व शेळ्या, उंट व गाढवे हेच, त्यांची जनावरे डोळ्यांदेखत वाळत होती. किताले गावापासून लोद्वारपर्यंत सुमारे 300 किलोमीटरांचा रस्ता. जसजसे उत्तरेस जावे तसतसा हिरवा रंग मागे पडत जातो आणि शेवटी वाळू, काळे दगड आणि काटेरी झुडपे एवढेच उरते. वसईचा माणूस विहिरीवरच्या रहाटाच्या आवाजाच्या आठवणी ऐकत, केळी आणि पानवेलीत वाढलेला. निर्मळच्या तळ्याइतके पाणी एका जागी आम्ही तेथे अनेक महिने पाहिले नाही.

पाणी कसे मिळते ते सांगतो. नदीचे पात्र कोरडे असते. त्या वाळूत बायका खड्डा खणतात. पाणी खोल जाईल तसा खड्डा खोल जातो, दोन पुरुष, तीन पुरुष. मग एक बाई तळाशी उतरते, ती वाटीने पाणी भरते, आणि एकीच्या हातातून दुसरीच्या हाती देत ते वर येते. वीस लिटरचा पिवळा डबा भरावयास अर्धी सकाळ जाते. आमच्या केंद्राला कूपनलिका होती, म्हणून आम्ही तेथील श्रीमंत. पहिल्या महिन्यात आम्ही सवयीप्रमाणे दोन तांबे पाणी अंगावर ओतून घेत असू. एके दिवशी कुंपणापाशी उभ्या असलेल्या मुलीने ते पाहिले. ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून आम्ही ओल्या फडक्याने अंग पुसू लागलो.

पहाटे साडेचारला उठावयाचे, कारण दहानंतर ऊन सोसवत नाही. प्रार्थना, काळा चहा, आणि आदल्या रात्रीची उगाली उरली असेल तर ती. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. आपल्याकडील उकडीस जवळ, पण मीठ नाही. त्यानंतर धान्याची कोठी उघडावयाची. पोती मोजावयाची, कोणते फुटले, कोणत्यात किडा पडला ते वेगळे काढावयाचे. मग याद्या. याद्यांचे काम बाहेरून सोपे दिसते, पण सर्व भांडणे तेथेच होतात. कुटुंब म्हणजे काय? एका पुरुषाच्या तीन बायका, तीन चुली, तर ते एक कुटुंब की तीन? गुरांमागे दूर गेलेला मुलगा मोजावयाचा की नाही? हे ठरवावयास गावच्या वडीलधाऱ्यांबरोबर झाडाखाली बसावे लागते, आणि ज्याला त्यांची भाषा येत नाही त्याला दुभाष्याच्या मर्जीवर राहावे लागते. एका दुभाष्याने आपल्या मेहुण्याची चूल दोनदा मोजविली होती. ती गोष्ट आम्हांस सहा महिन्यांनी, थोडी भाषा आल्यावर, कळली.

नंतर मुलांचे दंड मोजणे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळतात. साडेबारा सेंटिमीटरांवर असेल तर हिरवा, खाली आला तर पिवळा, आणि साडेअकरांच्या खाली गेला तर तांबडा. तांबड्यातल्या मुलाला साधे अन्न पुरत नाही, त्याला औषधी आहार लागतो व तातडीने दवाखाना लागतो. काम एवढेच, पण एका सकाळी शंभर मुले असली तर शंभर वेळा आईच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते. पट्टी कोणत्या रंगावर थांबली हे तिला आमच्याआधी कळलेले असे.

दुपारी सावलीत पडून राहावयाचे. झोप येत नसे. सायंकाळी हिशेब. किती पोती निघाली, किती अंगठे उठले, किती उरली. रात्री मच्छरदाणी. मलेरिया आम्हांस तीनदा झाला, आणि एकदा आमच्या सोबत्यास असा झाला की तो चार दिवस आपल्या आईशी आपल्याकडच्या बोलीत बोलत होता. त्याला काय म्हणावयाचे आहे हे तेथे आमच्यावाचून कोणालाही कळत नव्हते. दूरध्वनीस एका टेकडीवर चढल्यावर आवाज लागत असे. घरून पहिला प्रश्न नेहमी तोच येई: जेवता काय? आम्ही भात म्हणून सांगत असू. महिन्यातून एकदा ते खरेही असे.

भाषेचे थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यात येथील व्यापारी मंडळींचा वाटा आहे. तुर्काना लोकांची भाषा वेगळी. पाण्याला ते ‘ङाकिपी’ म्हणतात, भेटल्यावर ‘एजोक’ म्हणतात. पण बाजारात स्वाहिली चालते. आणि त्या स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’, मोटारीला ‘गारी’, एक लाखाला ‘लाकी’ आणि हुंडीला ‘हुंदी’! आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेल्या व्यापाऱ्यांनी शेकडो वर्षांत आपले शब्द तेथे पेरून ठेवले आहेत. चपाती तर चपातीच. ज्या दिवशी ‘दुका’ हा शब्द प्रथम कानी पडला त्या दिवशी आम्हांस परके वाटेनासे झाले. उलट एक शब्द त्यांच्याकडून घेण्याजोगा आहे. कोणी दमलेला, आजारी, दुःखी, अगदी ठेच लागलेला दिसला तरी ते ‘पोले’ म्हणतात. अर्थ असा की तुझे हे कष्ट मला दिसले. दोष नसताना ‘पोले’ म्हणता येते. आपल्या ‘माफ करा’ने ते साधत नाही.

आता धान्याचा विषय, ज्यासाठी आपण बसलो आहोत. आमच्याकडे येणारा मका अखंड दाण्याचा होता. अखंड दाणा टिकतो, पीठ उष्णतेने लवकर खवट होते. म्हणून पाठविणाराची चूक नव्हती. परंतु दळावयाचे कोठे? पोशो गिरणी, म्हणजे डिझेलवर चालणारी मक्याची चक्की, दोन तासांच्या वाटेवर. दळणाचे पैसे कोणापाशी नव्हते. मग बायका मिळालेल्या मक्यातील काही वाटा विकत आणि त्या पैशात उरलेला दळून घेत. बाजारात एकदम मका आला की त्याचा भाव पडे, म्हणजे तो वाटा आणखी वाढे. आमच्या वहीत मात्र प्रत्येक चुलीस पुरे धान्य दिल्याची नोंद आणि अंगठा. हे आम्हांस कसे कळले? कोणी तक्रार केली म्हणून नव्हे. एका बाईच्या मागोमाग आम्ही गिरणीपर्यंत चालत गेलो म्हणून. त्यानंतर मंडळींस पत्र लिहून डिझेलचा खर्च मागितला, आणि केंद्राजवळ दळणाची सोय झाली. वाटप तेवढेच, पोटात गेलेले अन्न जास्त. ज्या दात्यांनी ‘नुसती पोती पाठवा’ असे सुचविले त्यांच्या विचारासाठी हे उदाहरण ठेवतो.

व्यापाऱ्यांनी जाणण्याजोगी आणखी एक गोष्ट. पावसाची आशा सुटली की सर्वजण एकदम शेळ्या विकावयास काढतात. शेळीचा भाव कोसळतो, मक्याचा चढतो. आधी एका शेळीत जेवढा मका येई त्याचा लहानसा हिस्सा मग येतो. दुकानात मका असतो, पण माणूस उपाशी असतो. अमर्त्य सेन यांनी 1981 साली आपल्या ग्रंथात हेच दाखविले. 1973 साली इथिओपियाच्या वोल्लो प्रांतात लोक मरत असताना तेथून धान्य बाहेर जात होते. यावर एक उपाय तेथे करतात तो आम्हांस फार शहाणपणाचा वाटला: शेळी मरावयाच्या आधी ती बऱ्या भावाने विकत घ्यावयाची, आणि तिचे मांस त्याच गावात वाटावयाचे. विकणाऱ्याच्या हाती पैसे, शेजाऱ्याच्या पोटात अन्न, आणि उरलेल्या जनावरांना चारा अधिक. परंतु हे महिनाभर उशिरा केले तर निरुपयोगी. वेळ कोणती ते ओळखणारा माणूस त्या गावात राहत असला पाहिजे.

आता आमची चूक. ती आम्ही मंडळास पूर्वी लेखी कळविली आहे, येथे तोंडाने सांगतो.

रविवारी सकाळी लोक प्रार्थनेस जमत. दूरदूरहून येत. आम्हांस वाटले, लोक जमलेलेच आहेत, दोनदा पायपीट कशास? म्हणून आम्ही वाटप प्रार्थनेनंतर ठेवले. हेतू शुद्ध होता, याबद्दल आमची खात्री आहे. तिसऱ्या रविवारी एक म्हातारी आली. गळ्यात हनुवटीपर्यंत मण्यांच्या माळा, हातात रिकामी पिशवी. ती प्रार्थनेस कधी आली नव्हती. तिचा देव वेगळा. ती शेवटच्या बाकावर बसली, आणि गाणे सुरू झाले तेव्हा शब्द येत नसताना ओठ हलवू लागली. संपल्यावर तिने दुभाष्यास विचारले, “पिठासाठी एवढे गाणे पुरेल, की अजून गावे लागेल?”

त्या रात्री आम्ही जेवलो नाही. दुसऱ्या दिवसापासून वाटप मंगळवारी ठेवले, आणि ते चर्चच्या आवारात नव्हे तर बाजाराच्या झाडाखाली.

ही गोष्ट या सभेत सांगण्याचे कारण उघड आहे. येथे हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान व जैन दाते एकत्र बसले आहेत, आणि मिशन म्हटले की काहींच्या मनात शंका येते. ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. महाराष्ट्रात 1876 ते 1878 आणि 1896 ते 1900 या काळातील दुष्काळांत मिशनांनी अनेकांचे प्राण वाचविले, आणि त्याच वर्षांत त्यांच्या अनुयायांची संख्याही वाढली. अन्न व धर्म यांची गाठ कोठे पडली व कोठे नाही, याचा वाद तेव्हाही झाला. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावरून 1893 साली उठलेले वादळ आपणांस ठाऊकच आहे. त्याच रमाबाईंनी 1897 साली मध्यप्रांतात जाऊन उपाशी मुली केडगावास आणल्या, आणि छप्पन्नच्या दुष्काळात गुजरातेतून व राजपुतान्यातून आणखी आणल्या. त्यांच्या मदतीस 1898 साली मिनी एब्रम्स नावाची अमेरिकन बाई आली. शेकडो मुलींचे धुणे, केस, खरूज, रात्रीचे रडणे. रमाबाई एकट्या हे सर्व कसे करणार होत्या? वाद ज्यांना घालावयाचा त्यांनी घालावा, परंतु त्या मुली जगल्या हे खोटे होत नाही. आमचे मत एवढेच की भुकेल्याला देताना अट नसावी, आणि अट आहे असे त्याला वाटेल असेही काही नसावे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे.

परदेशी स्वयंसेवकांचा उपयोग झाला तो बहुधा ते दीर्घकाळ राहिले म्हणून. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका 1827 साली मुंबईस आली आणि 1862 साली तेव्हाच्या अहमदनगरात वारली. नगरातील त्यांच्या शाळेत सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले. रॉबर्ट ह्यूम हे तर 1847 साली मुंबईतच जन्मलेले. अमेरिकेत शिकून परत आले आणि 1900 च्या दुष्काळात नगर भागातील मदतकार्याचा मोठा भार त्यांच्यावर होता. त्याच वर्षी ‘क्विटो’ नावाचे जहाज अमेरिकेतून सुमारे दोन लाख बुशेल, म्हणजे पाच हजार टनांच्या आसपास, मका घेऊन मुंबईस आले. विचार करा: ज्वारी-बाजरी खाणाऱ्या लोकांपुढे परका मका! तो गावोगाव पोचविणारे व कोणास किती द्यावयाचा हे ठरविणारे मूठभर लोक नसते तर बंदरातील ढिगाचा उपयोग काय होता? 1972 च्या दुष्काळातील तांबडी मिलो ज्यांनी खाल्ली आहे ते येथे बसलेल्यांत असतील. परक्या धान्याची चव त्यांना आम्ही सांगावयास नको.

आणि एक माणूस असा की ज्याचे नाव या सभेत घेतलेच पाहिजे. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे. 1948 साली भारतात आले, आणि नगर जिल्ह्यात त्यांचे आयुष्य गेले. दुष्काळात अन्न वाटावे आणि पुढच्या दुष्काळात पुन्हा वाटावे, यात काही राम नाही हे त्यांनी ओळखले. डोंगरावर पडलेले पाणी तेथेच मुरवावे, म्हणजे खालच्या विहिरीस पाणी राहील, या कामाला त्यांनी वाहून घेतले. 1989 साली जर्मनीच्या साहाय्याने पाणलोटाचा कार्यक्रम सुरू झाला, 1993 साली त्यासाठी संस्था उभी राहिली. गावाने श्रमदान करावे, झाडे तोडू नयेत, मोकाट गुरे चारू नयेत, अशा अटी तेथे होत्या. अट घालावयाची तर ती अशी. त्यांचे 2021 साली निधन झाले. चहा कोणाकडे घेतला, बांध कोणी फोडला, कोणत्या गावात कोणाचे कोणाशी पटत नाही, हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातून असली कामे होत नाहीत.

आपल्या निर्मळलाही ही गोष्ट परकी नाही. विहिरींचे पाणी उपसून दूर नेले की किनाऱ्यालगतच्या गोड विहिरीत खारे पाणी शिरते, हे येथील बागायतदारांस कोणी शिकवावयास नको. कार्तिकी वद्य एकादशीच्या यात्रेस येणारे भाविक, आणि होली क्रॉस चर्चमध्ये सणासाठी जमणारे ख्रिस्तीजन, एकाच भूगर्भातले पाणी पितात.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे येतो. स्वयंसेवकाच्या निर्वाहाचा खर्च धान्यातून का? कारण तो धान्याचाच खर्च आहे. गिरणीचे डिझेल, कोठीचे कुलूप आणि यादी तपासणारे डोळे हे जसे धान्याचे खर्च आहेत तसाच. तथापि तो बेताचा असावा, हा आक्षेप आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. म्हणून मंडळापुढे आमची तीन निवेदने आहेत. स्वयंसेवकांचे खाते धान्याच्या खात्यापासून वेगळे लिहावे, म्हणजे ज्या दात्यास केवळ धान्यासाठी द्यावयाचे असेल त्याची रक्कम तेथेच राहील. एका वर्षाहून कमी मुदतीसाठी कोणास पाठवू नये. पहिले सहा महिने तर भाव विचारावयास शिकण्यातच जातात. आणि जाणाऱ्यांनी प्रवासास निघण्यापूर्वी तीन महिने नगर किंवा मराठवाड्यातील एखाद्या कोरडवाहू गावात राहून यावे, कारण ज्याने पाण्याच्या टँकरची वाट पाहिलेली नाही त्याला तेथे आरंभी काही समजत नाही. आमचे असेच झाले.

जाणाऱ्या दोघांची तयारी चालू आहे. त्यांच्यापैकी एकाच्या आईने काल आम्हांस विचारले की बरोबर काय द्यावे. आम्ही सांगितले: सुकेळी द्या, ती टिकतात, आणि पहिल्या महिन्यात फार उपयोगी पडतात, चिंच द्या, आणि पायांत घालावयास जाड तळव्याच्या वहाणा द्या, कारण तेथील काटे साध्या चपलांतून आरपार जातात.

वर्गणीची वही चिटणीसांच्या मेजावर उघडी आहे. दोन्ही खात्यांची पाने वेगळी आखलेली आहेत. ज्या दात्यांनी मागील सभेत प्रश्न विचारला त्यांनी वहीवर पहिले नाव लिहावे अशी आमची त्यांना विनंती आहे. कोणत्या पानावर, ते त्यांनीच ठरवावे.